निळ्या गाडीची पांढरी गाडी

माझा भाऊ वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. पुढचं वाचून तसं वाटायची शक्यता आहे म्हणून. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणते. तो पुण्यात असतो, चांगल्या नोकरीत आहे आणि वर्षातून दोनदा सोलापूरला येतो. आमचे वडील, अण्णा, माझ्याजवळ राहतात. खरं तर मी त्यांच्याजवळ राहते. माझं लग्न झालं, टिकलं नाही आणि मी एक बॅग घेऊन परत आले, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आई गेल्यापासून विजापूर रोडच्या त्या तीन खोल्यांत आम्ही दोघंच.

अण्णा एका सरकारी कार्यालयात ड्रायव्हर होते. साहेब बदलायचे, पण पांढरी अँबॅसिडर तीच आणि तिचे ड्रायव्हर अण्णाच. मी सहा वर्षांची असताना ते साहेबांना घेऊन मुंबईला गेले आणि येताना दादासाठी खेळण्यातली गाडी घेऊन आले. निळी, धातूची, तळहातावर मावेल एवढी, पण हातात घेतली की चांगलं वजन लागायचं. तिची पुढची दोन्ही दारं उघडायची. माझ्यासाठी लाल रिबिनी होत्या. रिबिनी मी हातात धरल्या आणि गाडीकडं बघत राहिले. मलाही गाडी पाहिजे म्हटल्यावर अण्णा हसले.

"पोरीला काय करायचीय गाडी?"

आईही हसली. त्यात काही वाईट होतं असं त्या दोघांना वाटलं नसणार.

दादा ती गाडी चड्डीच्या खिशात घालून शाळेत न्यायचा. रात्री उशीखाली ठेवायचा. मला बघायची परवानगी होती, हात लावायची नव्हती. एकदा तो तापानं फणफणून झोपला होता, तेव्हा मी ती हळूच काढून घेतली आणि ओट्याच्या उतारावरून सोडली. ती खालच्या फरशीवर उलटी पडली आणि एक दार निखळलं. मला कुणी मारलं नाही. अण्णा कामावरून आल्यावर अर्धा तास त्या दाराशी खटपट करत बसले आणि पुढं दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एखादी चापट मारली असती तर मी ते विसरून गेले असते.

पुढं दादा शिकला, पुण्याला गेला. मी बारावीनंतर डेंटल टेक्निशियनचा कोर्स केला. सात रस्त्याजवळच्या एका लॅबमध्ये मी काम करते. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या दातांची मापं पाठवतात, त्यावरून आम्ही कॅप, ब्रिज, कवळ्या बनवतो. माझ्याकडं कॅपच्या रंगाचं काम असतं. लोकांना वाटतं दात पांढरा असतो. तो कधीच नुसता पांढरा नसतो. मुळाशी पिवळट, मध्ये दुधाळ, कडेला जरा काचेसारखा. शेजारच्या खऱ्या दातात माझा दात ओळखू आला नाही की माझं काम चांगलं झालं. म्हणजे ते कुणाच्या लक्षात येता कामा नये.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर घराला रंग द्यायचा म्हणून सामान हलवत होते. अण्णा समोरच्या कट्ट्यावर बसले होते. त्यांची पत्र्याची ट्रंक जड झाली होती, म्हणून थोडं बाहेर काढावं असं ठरवून मी ती उघडली. त्यात दादाची दहावीची गुणपत्रिका होती, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं पत्र होतं, त्याच्या पहिल्या कंपनीचं व्हिजिटिंग कार्ड होतं. आणि एका धुतलेल्या रुमालात गुंडाळून, गाठ मारून ठेवलेली ती निळी गाडी होती. रंग उडाला होता, एक चाक वाकडं होतं, पण गाडी होती. माझं काही आहे का म्हणून मी तळापर्यंत हात घातला. अगदी खाली प्लास्टिकच्या पिशवीत माझे घटस्फोटाचे कागद होते.

मी ट्रंक बंद केली. गाडी बाहेरच राहिली. दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत घालून ती मी लॅबला नेली.

काय करायचं हे तेव्हा ठरवलेलं नव्हतं. एवढंच पाहिजे होतं की ती निळी राहू नये. संध्याकाळी पाचनंतर माझ्या टेबलावर काम नसतं. आमच्या लॅबमध्ये प्लास्टरचं काम बघणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, अशोक चौकातल्या विणकर घरातले, घरी तेलुगू बोलतात आणि मला अक्का म्हणतात. त्यांनी गाडी उचलून बघितली.

"कुणाची अक्का ही?"

"माझी," मी म्हणाले. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

दातांच्या कामाची हत्यारं अशा गाडीला किती चपखल बसतात, हे हातात घेतल्यावर कळलं. गाडीचा सांगाडा आणि खालची पट्टी दोन रिव्हेटांनी जोडलेली असते. मी मायक्रोमोटरला, म्हणजे आमच्या छोट्या फिरत्या ड्रिलला, गोल टोकाचा बर लावला आणि दोन्ही रिव्हेटांची डोकी उडवली. गाडी उघडली. आतून प्लास्टिकच्या सीटा, काचेचा एक अखंड तुकडा आणि चाळीस वर्षांची माती निघाली. हार्डवेअरच्या दुकानातून रंग काढायचं रसायन आणलं. हातमोजे घालून ब्रशनं ते लावलं, तशी निळ्या रंगावर दुधाच्या सायीसारखी सुरकुती आली आणि तो सुटायला लागला. टूथब्रशनं घासून साबणाच्या पाण्यात धुतली. खाली करडा, उघडा धातू. मला इतकं बरं वाटलं की त्याची थोडी लाजही वाटली.

दोन-तीन दिवस ती तशीच टेबलावर होती. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्याकडं बघायचे. मग एक दिवस तिच्या छपराची गोलाई बघताना अण्णांची अँबॅसिडर आठवली.

कधीकधी दौऱ्यावरून यायला उशीर झाला की गाडी रात्री आमच्या क्वार्टर्सपाशी असायची. सकाळी अण्णा मला पिवळं फडकं द्यायचे. दादा झोपलेला असायचा, त्याला अभ्यासानं जागरण झालेलं असायचं. मी चाकांच्या टोप्या पुसायचे, दिवे पुसायचे. सगळं झालं की अण्णा मला दोन मिनिटं स्टेअरिंगमागं बसू द्यायचे. पाय पोचायचे नाहीत. गाडीत पेट्रोलचा आणि मागच्या सीटवरच्या धुतलेल्या टॉवेलांचा वास असायचा. त्या गाडीत दादा असा कधी बसला नव्हता.

मी ठरवलं, ह्या गाडीची ती गाडी करायची.

महिनाभर लागला. मूळची गाडी चपटी होती आणि अँबॅसिडर अंगानं गरगरीत. कवळी तुटली की आम्ही ज्या पावडर-लिक्विडनं ती जोडतो, तेच घेऊन मी बॉनेट फुगवलं, मडगार्ड गोल केले, डिकीला उतार दिला. धातूवर ते धरून राहावं म्हणून आधी बरनं बारीक चरे पाडले. निखळणारं दार कायमचं बसवून टाकलं. मग घासणं, परत भरणं, परत घासणं. प्लास्टरवाले काका जाता-येता सांगायचे, "डावा गाल जास्त झाला अक्का." ते बरोबर असायचे.

पांढरा रंग तयार करायला दोन दिवस गेले. बाटलीतला पांढरा चालत नव्हता. त्या गाडीचा पांढरा वर्षानुवर्षांच्या उन्हानं साईसारखा झाला होता. माझ्याकडं दातांच्या शेडची पट्टी असते, ती मी डोळे मिटून आठवणीशी जुळवली. इनॅमलच्या पांढऱ्यात सुईच्या टोकावर पिवळा, त्याहून कमी तपकिरी. तीन पातळ हात दिले. बंपर चंदेरी केले. मागच्या सीटवर गॉजचे दोन तुकडे टॉवेल म्हणून चिकटवले. नंबर लिहायला सिरॅमिकचा सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि श्वास रोखून लिहिला. सगळं झाल्यावर दोन ट्यूबच्या गोंदानं खालची पट्टी बसवली. लॅबच्या सरांनी गाडी बघितली, मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाले, "मॅडम, हे दातापेक्षा भारी आहे." मी घरी जाताना रिक्षात ती मांडीवर धरून बसले होते.

आता जे झालं त्यात थोडी चूक माझी आहे.

मी गाडी घरी नेली त्याच दिवशी दुपारी दादानं ऑनलाइन मागवलेलं पार्सल आलं होतं. अण्णांसाठी चालायचे बूट. अण्णांनी ते माझ्यासाठी थांबून न उघडता ठेवलं होतं. मी खोकं उघडलं, बूट काढून त्यांच्या पायाशी ठेवले आणि गाडी त्यांच्या हातात दिली. काही बोलले नाही. ते काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं.

त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी ते वस्तू डोळ्याच्या अगदी जवळ नेऊन बघतात. त्यांनी गाडी फिरवली. बोटानं बॉनेट चाचपलं. नंबर वाचला.

"आपली गाडी हाय की गं ही," ते म्हणाले. "टावेल बी हायती. मागल्या बंपरला एक पोचा हुता, तेवढा न्हाय."

मी वाट बघत होते. त्यांनी खोक्याकडं बघितलं, परत गाडीकडं बघितलं.

"दादानं पाठीवली व्हय?"

त्या क्षणी "नाही, मी केली" एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडातून निघेना. महिनाभर ज्यावर मान मोडली ती वस्तू त्यांच्या हातात, आणि त्यांच्या मनात पहिलं नाव त्याचं. मला आतून असं काहीतरी चढलं की मी म्हणाले, "विचारा की त्यालाच."

त्यांनी लगेच फोन लावला. दादा ऑफिसात होता. स्पीकर चालू होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मिळालं रे पार्सल. लई झ्याक हाय."

"आवडलं ना अण्णा? माप बरोबर आहे?"

"माप? हुबेहूब हाय. एवढं बी कमीजास्त न्हाय."

"मग रोज वापरा. ठेवून देऊ नका."

"ही कुटं वापरायची," म्हणून अण्णा हसले आणि तिकडं दादाही हसला. तो बुटांबद्दल बोलत होता, हे मला कळत होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवसापासून गाडी कट्ट्यावर जायला लागली. तिथं संध्याकाळी पाच-सहा म्हातारे बसतात. लॅबमधून परत येताना मला लांबूनच अण्णांचा आवाज ऐकू यायचा. "पोरानं करून घेतली. पुण्याला अशी माणसं असत्यात. लई पैका घेत्यात म्हनं." मी मान खाली घालून त्यांच्यासमोरून जायचे. आजवर मला दादाचा हेवा वाटला तो त्याच्या वस्तूंचा, त्याच्या शिक्षणाचा, त्याच्या येण्याच्या दिवशी अण्णांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं त्याचा. आता माझ्याच हातांच्या कामाचा मला हेवा वाटत होता, कारण ते त्याच्या नावावर होतं.

कट्ट्यावरच्या एकानं गाडी हातात घेतलेल्या अण्णांचा फोटो काढला आणि अण्णांच्या फोनवरून दादाला पाठवून दिला. खाली लिहिलं होतं, "तुमच्या भेटीने वडील खूप आनंदात." म्हणजे दादाला आता कळलं होतं की विषय बुटांचा नाही. त्या रविवारी मी अण्णांचा फोन चार्जिंगला लावताना त्याचं उत्तर बघितलं. जोडलेले दोन हात आणि एक हसरा चेहरा. बस. त्यानं मला फोन केला नाही, विचारलं नाही. मी त्या जोडलेल्या हातांकडं बराच वेळ बघत उभी होते.

दिवाळीला तो एकटाच आला. वहिनी आणि मुलं तिच्या माहेरी गेली होती. फराळ करून झाल्यावर त्यानं टीव्हीशेजारची गाडी उचलली आणि सवयीनं उलटी केली. खालच्या पट्टीवर त्यानं चौथीत असताना कर्कटकानं स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं होतं. बाकी सगळी गाडी मी घासली होती, तेवढं राहू दिलं होतं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

तो स्वयंपाकघरात आला. अण्णा बाहेर टीव्ही बघत होते, म्हणून दोघंही हळू आवाजात बोलत होतो.

"ही माझी गाडी आहे," तो म्हणाला.

"होती."

"तू केलंस हे?"

"पुण्यात अशी माणसं असतात म्हणे."

तो ओट्याला टेकला. मग म्हणाला, "ते इतके खूश होते. मी त्यांना आजवर असं काही दिलं नाही. पैसे पाठवतो, बूट पाठवतो. म्हटलं, एवढं राहू दे."

"माझं घेऊन?"

"आणि तू माझं नाही घेतलंस? विचारायचं तरी. मी ह्या गाडीशी..." त्यानं वाक्य सोडून दिलं. बोटानं ते अक्षर चोळत राहिला. "होती कुठं ही? मला वाटलं क्वार्टर सोडताना हरवली."

"अण्णांच्या ट्रंकेत. रुमालात बांधून ठेवलेली."

"अण्णांनी ठेवली होती?"

त्याचा चेहरा असा उजळला की मला जीभ चावावीशी वाटली. भांडायला म्हणून तोंड उघडलं आणि त्यालाच आणखी एक गोष्ट देऊन बसले.

जेवताना मात्र त्यानं सांगून टाकलं. "अण्णा, ती गाडी मी नाही पाठवली. हिनं केलीय. स्वतःच्या हातानं, लॅबमध्ये."

अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"तू?"

"व्हय."

"मग मला फोन कशापायी लावू दिलास? सगळ्या कट्ट्याला सांगितलं मी. माझी फजिती करायची हुती व्हय?"

"चूक माझी आहे अण्णा," दादा म्हणाला. "मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

"तुझी कशी? तुला काय म्हाईत."

मी ताट उचललं आणि मोरीपाशी जाऊन नळ पूर्ण सोडला. महिनाभराचं काम उघड झालं ते असं. चिडले ते माझ्यावर आणि सांभाळून घेतलं त्याला.

तिसऱ्या दिवशी दादा निघाला. बॅग भरताना त्यानं गाडी हातात घेतली आणि संकोचून विचारलं, "अण्णा, मी ही नेऊ?"

"ने की," अण्णा म्हणाले. "तुझीच हाय."

"न्यायची नाही," मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी आवाज चढवला नव्हता. फक्त हात पुढं केला होता. दादानं गाडी माझ्या हातावर ठेवली. मी ती टीव्हीशेजारी परत ठेवली आणि दादाला वाटेत खायला शेंगाची चटणी बांधून दिली. त्या दिवशी दिवसभर मला हलकं वाटत होतं. ते चांगलं होतं असं मी म्हणत नाही, पण वाटत होतं.

त्यानंतर आठवडाभर अण्णा माझ्याशी मोजकं बोलत होते. कट्ट्यावर त्यांनी काय सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मग एका शनिवारी सकाळी मी निघत असताना ते शर्ट घालून दारात उभे होते.

"तुझं हापिस बघायचं हाय."

इतक्या वर्षांत ते कधी लॅबला आले नव्हते. दादाचं ऑफिस त्यांनी दोनदा बघितलंय आणि तिथल्या लिफ्टपासून कँटीनपर्यंत सगळं त्यांना पाठ आहे. मी त्यांना रिक्षानं नेलं. सरांनी खुर्ची दिली. प्लास्टरवाल्या काकांनी चहा मागवला. अण्णा माझ्या टेबलाशेजारी बसले आणि मी कॅपवर रंग चढवत होते ते तासभर बघत राहिले. मध्येच म्हणाले, "असा पिवळा का करतीस? डाग पडल्यागत दिसंल की."

"तोंडात बसल्यावर नाही दिसणार."

त्यांनी तो दात उचलून डोळ्याजवळ नेला, आणि मी दिलेल्या साच्यातल्या शेजारच्या दातापाशी धरून बघितला. "व्हय," म्हणाले. एवढंच. पण दात खाली ठेवताना त्यांनी तो दोन बोटांनी अगदी हळू ठेवला.

परत येताना रिक्षावाला त्यांच्या बोलण्यावरून ओळखून म्हणाला, "काका, सांगोल्याकडचं का?" मग अण्णा खुलले. म्हणाले, "पोरीच्या हापिसात गेलतो. दात बनवती. लई बारीक काम." मी बाहेर बघत होते, पण कान तिकडंच होते. पुढं आसरा चौक येईपर्यंत ते पुण्याच्या पोराबद्दल बोलत होते: त्याची नोकरी, त्याचा फ्लॅट, नातवंडं कोणत्या शाळेत आहेत. माझी तीन वाक्यं झाली होती. त्याची मी मोजली नाहीत.

कोपऱ्यावर उतरून मी केळी घेतली. अण्णांनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि घरापर्यंत स्वतः धरली.